आप्पांचा कान

निपाणी,
१८ ऑगस्ट २०२५

ती. आप्पा,

लांबूनच पाया पडते. चार वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाही. शेवटी काकूंनी उचलला आणि म्हणाल्या, "त्यांनी म्हणत्यात, काय असंल ते कागदावर लिव्हून पाठव. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातंय." बरं, लिहिते. शाळेत असताना माझ्या अक्षराला तुम्ही कोंबडीचे पाय म्हणायचा, आता तेच वाचायची पाळी आली तुमच्यावर.

विषय क्लबच्या दोन जायरोप्लेनचा, डोक्यावर पाती फिरणाऱ्या त्या छोट्या विमानांचा, म्हणजे तुमच्या भाषेत भिंगऱ्यांचा. परवाच्या शनिवारी तुम्ही मैदानावर आलात, एकामागून एक दोन्हींची इंजिनं चालू करायला लावलीत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टर्बोवर टेकवलंत, मूठ कानाला लावून डोळे मिटलेत आणि म्हणालात, "सूर बरोबर हाय." झालं. रघुवीरसाहेबांनी तिथल्या तिथे वहीत लिहिलं, "परशरामाप्पांनी दोन्ही तपासली, चालू ठेवावीत." उड्डाण क्लब त्यांचा, वही त्यांची. पण यंत्राची देखभाल माझ्याकडे आहे, आणि मला काही हे बरोबर वाटत नाही.

त्यातल्या एकीतून सकाळी चालू करताना निळा धूर येतो. पाच तास उडालं की पाव लिटर ऑइल खाली जातं. मे महिन्यात थेंब जात नव्हता. आप्पा, कंपनीने हे इंजिन टर्बोशिवाय दिलेलं. साहेबांना दोन जाड माणसं घेऊन आखूड धावपट्टीवरून उडायचं होतं म्हणून तुम्ही दोन्ही भिंगऱ्यांना बाहेरून मोटारीचा टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबणारा, बसवलात. मोटारीत तो घाटात दोन मिनिटं राबतो आणि पुढे उतारावर निवांत बसतो. इथे तो वर गेल्यापासून खाली येईपर्यंत राबतो. माणूस मागून ढकलत ठेवावा तसं याचं काम आहे, थांबायची सोयच नाही.

आणि उडवणारा कोण, तर आपला समर्थ. आई-बाबा गेल्यावर तुम्ही आणि काकूंनी आम्हा दोघांना पिरनवाडीच्या घरात वाढवलंत, तो तुमच्या पुढ्यात लहानाचा मोठा झाला. मी त्याला शंका सांगितली तर म्हणतो, "आक्का, आप्पांनी कान लावलाय न्हवं? मग झालं की."

मला तुमच्याकडून एकच ओळ हवी आहे. टर्बो खोलून बघेपर्यंत उडवू नये, असं साहेबांना लिहा. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.

तुमची रचना

•

मच्छे,
२४ ऑगस्ट २०२५

चि. रचना,

आशीर्वाद. काकूचे भरपूर, माझे तुझ्या तक्रारी वजा करून.

अक्षर सुधारलंय. आता कोंबडी नाही, बदक वाटतं.

धुराचं एवढं मनावर घेऊ नकोस. पावसात यंत्र दोन महिने उभं होतं, थोडं ऑइल सीलमधून झिरपतं, तेच जळतं. मी सांगतो तेवढं कर. उतरल्यावर लगेच चावी बंद करायची नाही. तीन मिनिटं हळू चालू ठेवायचं. तापलेला टर्बो एकदम थांबवला तर आतलं ऑइल जागच्या जागी जळतं आणि बेअरिंगवर कोळसा धरतो. समर्थला घाई असते, उतरला की उडी मारून पळतो, त्याचा कान धर. ऑइल परत नेणारी नळी कुठे दबली नाही ना बघ. हवेच्या नळ्यांच्या क्लिपा दर दहा तासांनी आवळ. ऑइल पंचवीस तासांनी बदल, पुस्तकात काही का लिहिलेलं असेना.

बाकी मच्छ्यात चाळीस वर्षं हेच केलं. गोव्याचे ट्रकवाले वाटेतली दहा गॅरेजं सोडून माझ्याकडे येतात. त्या शनिवारी तिसऱ्या सिलिंडरचा प्लग ढिला आहे म्हणून मी सांगितलं, तो ढिला निघाला की नाही? मग.

रघुवीरला उगीच कशाला लिहायचं? मोठ्या हौसेचा माणूस आहे, नाराज होईल. काकू विचारते, समर्थ ताक पितो का?

तुझा आप्पा

•

निपाणी,
५ सप्टेंबर २०२५

ती. आप्पा,

समर्थ ताक पितो. तीन मिनिटंही थांबतो, मी घड्याळ घेऊन समोर उभी राहते म्हणून.

काल हवेची नळी काढली आणि टर्बोच्या दांड्याला बारीक माप घ्यायचं डायल लावून ढिलाई मोजली. एकदा नाही, सात वेळा. मर्यादेच्या दुप्पट निघाली. टर्बोतल्या पंख्याच्या कडेला चकाकी आहे, म्हणजे तो आतल्या भिंतीला लागायला सुरुवात झालीय. ऑइल आता पाच तासांना अर्धा लिटर.

कागदावर आकडे मांडून साहेबांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "रचना, तुझं डायल परदेशातनं आलंय, आप्पांचा कान मच्छ्यात तयार झालाय. मी कुणाचं धरू?" सगळे हसले. मीही हसले, आणि नंतर शेडमागे जाऊन स्वतःलाच शिव्या दिल्या, की हसलीस कशाला म्हणून.

दसऱ्याला मोठा कार्यक्रम ठरलाय. निपाणीतली वजनदार माणसं, तंबाखूचे व्यापारी, शाळेची मुलं येणार. समर्थ एकटा उडून दाखवणार. पत्रिका छापून झाल्या, त्यावर तुमच्या सत्काराचंही आहे. टर्बो काढायचा तर दसऱ्यानंतर, असं साहेबांचं म्हणणं.

आप्पा, मच्छ्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. या, नाहीतर दोन ओळी लिहा. तुम्ही म्हणालात की थांबेल. दुसरं कुणी नाही हो.

रचना

•

मच्छे,
१३ सप्टेंबर २०२५

चि. रचना,

नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायला नको. डायल धरायला हात स्थिर लागतो आणि आधार घट्ट लागतो. पुन्हा मोज.

टर्बो काढून इकडे पाठवलास तर खोलून बघतो. तो येत नसेल तर मी तिथे येऊन काय करू? आणि मी त्या दिवशी काय ऐकलं, काय नाही, ते सारखं विचारू नकोस. सांगायचं ते सांगून झालंय.

काकूला बरं आहे.

आप्पा

•

निपाणी,
१८ सप्टेंबर २०२५

ती. आप्पा,

तुमचं पत्र वाचून मी रडले नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

हात स्थिर नाही म्हणता? हे हात कुणी शिकवले? दहावीच्या सुट्टीत मच्छ्याच्या शेडमध्ये मला स्टुलावर बसवून शंभर बेअरिंगं तुम्हीच मोजायला लावलीत. "शंका आली की थांबायचं, मग मालक बोंबलंना का," हे कुणाचं वाक्य?

आता तुम्हीच थांबत नाही. मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

मला आवाजातलं कळत नाही. तुम्हाला कळतं, सगळा बेळगाव जिल्हा सांगतो. म्हणून सरळ विचारते, राग आला तरी चालेल. एवढा ढिला दांडा आत भिंतीला घासत असताना तुम्हाला सूर बरोबर कसा ऐकू आला? त्या दिवशी तुम्ही नेमकं काय ऐकलंत?

रचना

•

मच्छे,
२२ सप्टेंबर २०२५

चि. रचना,

मी काही ऐकलं नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. काकू विचारते, एवढं काय लिहिताय. तिला माहीत आहे, तिच्याशिवाय कुणाला नाही.

दोन वर्षं झाली. आधी कुकरची शिट्टी गेली. मग काकूची हाक. बेळगावात डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला यंत्रांच्या आवाजाने कानाची नस मेली, आता मशीन लावूनही फारसं येणार नाही. समोरचा बोलला तर ओठांवरून समजतं. फोनवर ओठ नसतात, म्हणून तुला पत्रं लिहायला लावतो. वाऱ्यावर जाण्याचं सगळं निमित्त.

स्क्रूड्रायव्हर लावतो तेव्हा हाताला थरथर कळते, तेवढीच. सूर कळत नाही. तो तिसरा प्लग मी डोळ्यांनी बघितला होता, बुडाशी काळा डाग होता. लोकांना वाटलं कानाने पकडला. मीही वाटू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मच्छ्यात परशरामाला कान आहे म्हणून विचारतात गं. तो गेला हे कळलं तर मी नुसता एक म्हातारा. लाज वाटली, आणि भीतीही.

तुझे आकडे पहिल्या दिवसापासून खरे आहेत हे मला माहीत होतं. तुला वाकडं अंगण म्हणालो तेव्हाही माहीत होतं. त्याबद्दल मला माफ कर असं म्हणायचीही सोय मी ठेवली नाही.

सोबत रघुवीरला वेगळं पत्र आहे. त्यात सगळं लिहिलंय. मला ऐकू येत नाही, मी खोटं सांगितलं, टर्बो खोलल्याशिवाय भिंगरी उडवू नका, दोन्हींपैकी एकही. खाली सही आहे. आजच दे. समर्थला वर जाऊ देऊ नकोस.

आप्पा

•

निपाणी,
२७ सप्टेंबर २०२५

ती. आप्पा,

तुमचं पत्र वाचून सगळा राग कुठे गेला कळलं नाही. दोन वर्षं मी फोन करत होते आणि मनात म्हणत होते, म्हातारा भाव खातोय. मला सांगायचं होतं हो तुम्ही.

तुमचं पत्र साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मला वाटलं, आता खोली गप्प होईल. साहेब हसायला लागले. म्हणाले, "बघा मोठेपणा. शाल घ्यायला लाजत्यात, म्हणून बहिरं झाल्यात." मी म्हटलं, साहेब, हे खरं आहे. तर म्हणतात, "अगं, ह्या कानानं माझ्या चार ट्रकांची इंजिनं वाचवल्यात. तुझ्या सांगण्यावरनं आप्पांनी लिव्हलंय हे, मला काय कळत न्हाय व्हय?" आणि पत्र घडी करून खणात ठेवलं.

समर्थची तीच कथा. म्हणतो, "ऐकू येत न्हाय? गेल्या महिन्यात मी पाठीमागनं गुपचूप आलतो, तर मान न वळवता म्हणाले, समर्थ, बूट पुसून ये. त्यांना मुंगीचं पाऊल ऐकू येतंय." मी त्याचे हात धरले, काकूंची शपथ घातली. तो मलाच समजावतो, की आक्का, तू दमलीयस.

मी वहीवर सही करायला नकार दिलाय. साहेब म्हणाले, नको करू, आप्पांचं नाव आहेच वहीत. दसऱ्याला मी मैदानावर जाणार नाही. ते बघायची माझी ताकद नाही.

आप्पा, कागदाने होत नाही. तुम्ही स्वतः या. खंडेनवमीला या, आणि त्यांच्या तोंडावर सांगा.

रचना

•

मच्छे,
१० ऑक्टोबर २०२५

चि. रचना,

दवाखान्यात आपण आठ दिवस समोरासमोर बसलो. तिथे मला हे सांगता आलं नाही. तू मैदानावर नव्हतीस, तेव्हा काय झालं हे तुला माझ्याकडून कळायला हवं.

खंडेनवमीला सकाळच्या गाडीने आलो. दोन्ही भिंगऱ्यांना हार, चाकांखाली लिंबू. पुढे पाटावर तुझ्या पेटीतले सगळे पाने, स्क्रूड्रायव्हर, डायलसुद्धा, हळदकुंकू लावून मांडलेलं. मी रघुवीरला बाजूला घेऊन सांगितलं. तो ऐकेना तेव्हा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, मला ऐकू येत नाही, मी फसवलंय. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात कुणीतरी माझ्या मागून हाक मारली असणार, आप्पा, चहा. मी वळलो, कारण समोरच्यांच्या नजरा मागे गेल्या होत्या आणि ट्रेची सावली जमिनीवर आली होती. समर्थचे बूटही मी असेच सावलीवरून ओळखले होते. सगळं मैदान हसलं. हसणं मला दिसतं गं, ऐकू येत नसलं तरी. रघुवीरने माझ्या पाठीवर थाप मारली. ओठांवरून वाचलं, "ऐकू येत न्हाय म्हणं!"

मग मी म्हटलं, असू दे, मला पाना द्या, इथेच उघडतो, अर्ध्या तासाचं काम आहे. रघुवीरने पाटाकडे बोट केलं. म्हणाला, "आप्पा, पूजेतल्या हत्याराला आज हात? तुमच्या शेडमधी कुणी पाना उचलला तर तुम्ही हाकलून देत हुता की."

खरं होतं ते. चाळीस वर्षांत खंडेनवमीला मी स्वतः हत्यार उचललेलं नाही, दुसऱ्याला उचलू दिलेलं नाही. एकदा माझ्या हाताखालच्या भावकूने एक नट आवळला, तर त्याला महिनाभर शेडमध्ये घेतला नव्हता. रचना, माझा हात पुढे गेला होता. पाना हातभर लांब होता. कुंकवाकडे बघितलं आणि हात थांबला. मला कुणी धरलं नव्हतं. मीच थांबलो. उद्या उत्तरपूजा झाली की पहिल्यांदा हेच करू, असं मनाशी म्हणालो. उत्तरपूजा उडून झाल्यावर होती, हे मला माहीत असून तसं म्हणालो.

दसऱ्याला सकाळी मी समर्थच्या यंत्रापुढे उभा राहिलो. तो खाली उतरला, माझ्या पाया पडला, दोन्ही खांदे धरून मला बाजूला खुर्चीवर नेऊन बसवलं. डोक्याला टोपी घालून निघाला.

दोन फेऱ्या वर घेतल्या. तिसऱ्या फेरीला लोकांसाठी खाली आला, उसाच्या शेंड्यांवरून. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मागच्या पंख्याकडे बघत होतो. चालत्या पंख्याची पाती दिसत नाहीत, नुसतं धुकं दिसतं. एकदम मला पाती दिसायला लागली, एक, दोन, तीन. बाकीच्यांचे हात अजून वर होते. मी ओरडलो, काय ओरडलो ते मलाही माहीत नाही. इंजिन थांबलं होतं. उंची असती तर इंजिनाशिवायही तो अलगद उतरला असता, भिंगरीचा तो गुणच आहे. उंची नव्हती, पुढे दगडी बांध होता.

नंतर सगळे पळाले. त्याने बसवलेल्या खुर्चीवर मी तसाच होतो.

डॉक्टर तुला काय म्हणाले ते मी ओठांवरून वाचलं. काकूला अजून सांगितलेलं नाही.

आप्पा

•

बेळगाव,
३ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पा,

समर्थला आता मानेखाली उशी घेऊन बसवतात. कमरेखाली काहीच नाही. तो सगळ्यांशी हसून बोलतो, ते मला बघवत नाही.

चौकशीचे साहेब येऊन गेले. मी सगळं सांगितलं, ऑइल, धूर, सात वेळा मोजलेलं. माझ्या कागदावर माझ्याशिवाय कुणाची सही नाही, एवढंच त्यांनी लिहून घेतलं. तुमच्या पत्राचं विचारलं तर रघुवीरसाहेब म्हणाले, खणात सापडत नाही. मोडक्या इंजिनात टर्बोचं घर चेपलंय, पाती तुटलीत. आधी तुटली की बांधावर आपटून, हे छातीठोक सांगता येणार नाही, असं चौकशीचे साहेब कन्नडमध्ये बरोबरच्या माणसाला म्हणाले. त्यांना वाटलं मला कळत नाही.

मग त्यांनी समर्थला विचारलं. मी खाटेशी उभी होते. तो शांतपणे म्हणाला, "इंजिन शेवटपर्यंत चांगलं होतं. आवाजात काही बदल नव्हता. मी लोकांसाठी फार खाली आलो, वेग सांभाळला नाही. चूक माझी." मी मध्ये बोलायला गेले तर त्याने माझा हात दाबला. साहेब गेल्यावर म्हणाला, "आक्का, माझं जायचं ते गेलं. आप्पांचं नाव कशाला घालवायचं?"

आप्पा, त्याच्या जबाबाने टर्बो निर्दोष सुटला. दुसऱ्या भिंगरीला तोच टर्बो आहे, तुमच्याच हातचा. पंधरवड्याने ती उडवणार आहेत. आदर्श नावाचा नवा पायलट आणलाय, बोरगावचा, बायको पोटुशी आहे. मी नोकरी सोडलीय, मला मैदानात येऊ देत नाहीत. समर्थ माझं ऐकत नाही. तुम्हीच त्याला लिहा.

रचना

•

मच्छे,
९ नोव्हेंबर २०२५

चि. समर्थ,

तुला आशीर्वाद लिहायचं धाडस होत नाही, तरी लिहितो.

बाळा, तू माझ्यासाठी खोटं बोललास. मी तुला लहानपणी खोटं बोललास म्हणून शेडच्या दाराबाहेर उभा करत होतो, आठवतं का? आज तुझ्या खोट्याचा लाभ मला झाला आणि तो मला गिळवत नाही.

माझं नाव गेलं पाहिजे. मी ते घालवायचा फार प्रयत्न केला. रघुवीरकडे गेलो, त्याने खुर्ची दिली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, आप्पा, स्वतःला दोष देऊ नका. चौकशीच्या कचेरीत गेलो, त्यांनी माझं वय विचारलं आणि पाणी दिलं. शेडवर पाटी लावली की मला ऐकू येत नाही. ट्रकवाले ती वाचतात आणि इंजिन चालू करून माझ्यापुढे उभे राहतात. पुतण्याच्या दुःखानं आप्पा असं करत्यात, असं काकूला सांगतात. मी कितीही ओरडलो तरी माझं खरं कुणाला खरं वाटत नाही. खोटं एकदाच बोललो, ते सगळ्यांनी धरून ठेवलं.

तू तिथे होतास. तुझं ऐकतील. त्या टर्बोने दगा दिला एवढंच साहेबांना सांग. त्या आदर्शला तुझ्यासारखं निजवू नकोस. मी हात जोडतो.

आप्पा

•

बेळगाव,
७ डिसेंबर २०२५

ती. आप्पा,

पाया पडतो. झोपून लिहितोय, ओळी वाकड्या जातील.

तुमचं पत्र आल्यावर मी जबाब बदलायला कळवलं. उत्तर आलं. फाइल मिटलीय, पहिला जबाब धरला जाईल. फोनवर चौकशीच्या साहेबांनी चांगुलपणाने सांगितलंसुद्धा, "दुखण्यात माणसाला वाटतं, आपली चूक नव्हती. होतं असं." मी फोन ठेवला.

आता जे आक्कालाही सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. आवाज बदलला होता. दुसऱ्या फेरीत. शिट्टीच्या मागे खरखर आली, जात्यात खडा आल्यासारखी. तेव्हा मी हजार फुटांवर होतो आणि पट्टी उजव्या हाताला मोकळी होती. तिथून मी डोळे मिटूनही उतरलो असतो. इंजिनाचा जोर कमी करायला थ्रॉटल मागे घेतलंसुद्धा होतं. मग मनात आलं, आप्पांनी कान लावलाय. त्यांना जे ऐकू आलं नाही ते मला कुठून यायला? भास असेल. थ्रॉटल पुढे केलं आणि लोकांसाठी खाली आलो.

तुम्ही यंत्रासमोर उभे राहून सांगत होता, मला ऐकू येत नाही. मी तुम्हाला खुर्चीवर नेऊन बसवलं. म्हणून म्हणतो, माझी चूक मी कबूल केली ती सगळी खोटी नव्हती. तुम्ही अर्धीच तुमच्याकडे ठेवा.

आदर्श दोनदा भेटून गेला. चांगला आहे, माझ्यासाठी मोसंबी घेऊन येतो. दुसरी भिंगरी तो रोज उडवतो. काल मी त्याला सगळं सांगितलं. ऑइलचं, दांड्याचं, खरखरीचं. खरखर आली की विचार न करता उतर म्हटलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण ह्या दुसरीलाबी आप्पांनी कान लावलाय, वहीत लिव्हलंय की."

मी त्याला सांगितलं, आप्पांना दोन वर्षं ऐकू येत नाही.

तो हसला. आप्पा, मी हसलो होतो अगदी तसाच हसला.

समर्थ